माजघराच्या दारांत

आमच्या नेरूळच्या बिऱ्हाडांत एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे. त्याच्या झांकणावरील चित्र केव्हांच पुसून गेलें असून, उघडतांना कोपऱ्याचा पत्रा बोटास लागतो. डब्यांत बिस्किटें असलेलीं आम्हीं कधीं पाहिलीं नाहींत. त्यांत आहेत त्या आमच्या मधल्या काकांनीं १९५० पासून पुढें अठरा वर्षें काढलेल्या छायाचित्रांच्या निगेटिव्ह. कांहीं अर्धपारदर्शक कागदाच्या पाकिटांत, कांहीं वर्तमानपत्राच्या तुकड्यांत गुंडाळलेल्या, व कांहीं तशाच एकमेकींस बिलगून बसलेल्या. काका २०११ सालीं निवर्तले. पुढें दादरचें घर आवरतांना काकूंनीं डबा आमच्याकडे पाठविला, तो "तुम्हांला असल्या वस्तूंची हौस आहे," एवढ्याच निरोपानिशीं. हौस होती हें खरें; परंतु तो डबा दहा-बारा वर्षें आमच्या कपाटाच्या माथ्यावर तसाच पडून राहिला, हेंहि तितकेंच खरें. हौस आणि आळस यांचा संसार आमच्या घरीं फार गुण्यागोविंदानें चालतो.

डबा खालीं काढण्याचें निमित्त झालें एका वासाचें. नेरूळचा पावसाळा ज्यांनीं काढला आहे, त्यांस येथील हवेचें वर्णन सांगावयास नको. एका अंगास ठाण्याची खाडी व तिच्या कांठची खारफुटी, दुसऱ्या अंगास पारसिकच्या टेकड्या. मधल्या पट्टींत जी हवा कोंडून राहते तिच्यांत मीठ पाझरतें, पापड नरमतात, आणि आठ दिवस पायांत न घातलेल्या वहाणेवर हिरवी लव उगवते. गेल्या वर्षीं आषाढांत सौ. म्हणाल्या, "कपाटावर शिरक्याची बाटली लवंडली आहे का?" आमच्या घरांत शिरका येतच नाहीं. डबा उघडला तों तो आंबट वास भपकन् नाकांत शिरला, आणि आमच्या पोटांत धस्स झालें. कारण ह्या वासाविषयीं आम्हीं पूर्वीं वाचलें होतें.

फिल्म म्हणजे खालीं एक पारदर्शक पट्टी, व तिच्यावर जिलेटिनच्या थरांत बसविलेले चांदीचे सूक्ष्म कण. एके काळीं ही पट्टी नायट्रेटची असे, व ती पाहतां पाहतां पेट घेई. पुण्यास ८ जानेवारी २००३ रोजीं फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारांतील जुन्या कोठारांना आग लागून कित्येक चित्रपटांचीं रिळें भस्म झालीं, तीं ह्याच नायट्रेटचीं. तें भय टळावें म्हणून असिटेटची फिल्म निघाली. आमच्या डब्यांतील पट्ट्यांच्या कडेला 'सेफ्टी' अशीं बारीक इंग्रजी अक्षरें आहेत तीं त्याचीच ग्वाही. ही फिल्म आगीस दाद देत नाहीं; परंतु उष्ण व दमट हवेंत तिच्यांतून शिरक्याचें आम्ल सुटूं लागतें, आणि एकदां सुटलें म्हणजे तेंच आम्ल पुढील नाशास गति देतें. पट्टी आक्रसते, वरचा थर तितका आक्रसत नाहीं. मग त्याला सुरकुत्या पडून चित्र भिंतीच्या पोपड्याप्रमाणें सुटून येतें. १९४८ च्या सुमारास ट्रायअसिटेटची नवी फिल्म बाजारांत आली, आणि त्यानंतर दहा वर्षांच्या आंतच तिच्या नासण्याची पहिली तक्रार कोडॅक कंपनीकडे गेली, ती आपल्या भारत सरकारकडून! आमच्या हवेनें मिळविलेल्या मानांत हाहि एक धरावा.

निगेटिव्ह गेल्या तर जातील, घरोघर जातच असतात, असें कोणी म्हणेल. पण आमच्याकडे दुसरें कांहीं उरलेलें नाहीं. आमचें मूळचें घर पुण्यास शनिवार पेठेंत, नदीपासून हांकेच्या अंतरावर. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, त्या दिवशीं वाड्याच्या माजघरांत पाणी शिरलें, आणि फडताळांतील दोन्ही आल्बम, पत्रव्यवहार, जुन्या पत्रिका यांचा एक लगदा झाला. आम्ही तेव्हां कडेवर होतों. मधले काका मात्र चार वर्षांपूर्वींच नोकरीनिमित्त मुंबईस आले होते, व येतांना हा डबा ट्रंकेंत घालून घेऊन आले होते. आमच्या कुळाचें १९६१ पूर्वींचें जें कांहीं दिसणें शिल्लक आहे, तें सारें त्या पत्र्याच्या पोटांत.

त्यांतल्या एका चित्राविषयीं आमच्या घरांत तीस वर्षांचा वाद होता. १९५३ च्या वैशाखांत आमच्या धाकट्या काकांची मुंज झाली. मुंजीनंतर मंडळी चौकांत ओळीनें बसलीं व मधल्या काकांनीं आपल्या नव्या आग्फा आयसोलेट कॅमेऱ्यानें त्यांचें चित्र घेतलें. त्याची एक छापील प्रत डोंबिवलीस आमच्या चुलतआत्यांकडे अजून भिंतीवर आहे. आमच्या मातोश्री लग्न होऊन वाड्यांत आल्या १९५२ सालीं. त्या आम्हांस नेहमीं सांगत, कीं ह्या चित्रांत मोठ्या आत्याबाई आहेत. डोंबिवलीची प्रत भिंग लावून पाहिली तरी आत्याबाई कोठें दिसत नाहींत. "अग आई, कशा असतील? त्यांना कोण बसवणार होतें?" असें म्हटलें, कीं आई म्हणे, "बसल्या नव्हत्या. माजघराच्या दारांत उभ्या होत्या."

मोठ्या आत्याबाई म्हणजे आमच्या आजोबांच्या वडील भगिनी. तेराव्या वर्षीं कपाळ पांढरें झालें व त्या माहेरीं परतल्या. अंगावर तांबडें आलवण, डोईवरून ओढलेला पदर, आणि पहांटेपासून रात्रींपर्यंत सोवळ्यांतला स्वयंपाक, हें त्यांचें उभें आयुष्य. आमची आजी १९४५ सालीं धाकट्या काकांच्या जन्मानंतर पंधरा दिवसांनीं गेली, तेव्हां तें तान्हें मूल आत्याबाईंनीं पदरांत घेतलें. ज्याची मुंज होती तो मुलगा त्यांना आई म्हणे. मातृभोजनास मात्र थोरल्या काकू बसल्या, कारण तेथें सवाष्ण पाहिजे. ही गोष्ट आई सांगते ती कोणास दूषण देण्यासाठीं नव्हे. तेव्हां सर्वांना तें तसेंच योग्य वाटत होतें, आत्याबाईंनाहि. त्या १९५८ सालीं गेल्या. त्यांचें एकहि छायाचित्र नाहीं. आणि आईस यंदा ब्याण्णवावें वर्ष लागलें असून, एका डोळ्यानें तिला जवळजवळ दिसत नाहीं. दुसऱ्याविषयीं डॉक्टर तारखा पाहून बोलतात.

तेव्हां घाई करणें भाग होतें, आणि घाई करणें हेंच अशा कामांत सर्वांत वाईट. प्रथम आम्हीं निगेटिव्ह नव्या कागदी पाकिटांत घातल्या, आंबट वासाच्या पट्ट्या इतरांपासून वेगळ्या केल्या, व निरोगी पट्ट्या ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह घट्ट पिशव्यांत बंद करून फ्रिजच्या एका कप्प्यांत ठेवल्या. सौ.नीं तो कप्पा कोणत्या मनःस्थितींत दिला याचा उल्लेख आम्ही करीत नाहीं. वाचकांपैकीं कोणास असें करावयाचें असल्यास एवढेंच सांगतों, कीं पिशवी बाहेर काढल्यावर ती कांहीं तास तशीच बंद राहूं द्यावी. लगेच उघडल्यास थंड फिल्मवर दंव धरतें. आणि बुरशी लागलेली फिल्म पाण्यानें कधींहि धुवूं नये. बुरशीनें खाल्लेलें जिलेटिन पाण्यांत विरघळतें व बुरशीबरोबर आजोबाहि वाहून जातात.

स्कॅनर आणला आमच्या पुतण्यानें. सपाट कांचेचा, झांकणांतहि दिवा असलेला. निगेटिव्हमधून प्रकाश आरपार जावा लागतो म्हणून हा वरचा दिवा. पुतण्याच्या मतें काम दोन रविवारांचें होतें: पट्टी ठेवावयाची, 'स्वयंचलित' ही कळ दाबावयाची, आणि चहा घ्यावयाचा. त्याच्या संगणकावरील प्रोग्रॅमनें पहिल्याच दिवशीं चाळीस चित्रें दिलींहि, आणि तीं दिसावयास फार छान होतीं. काळें कुळकुळीत, पांढरें लखलखीत. मुंजीचें चित्रहि त्यांत आलें. चौक, मंडळी, मधोमध दंड घेतलेला बटु. आणि मागें माजघराचें दार म्हणजे शाईचा एक चौकोनी डाग. पुतण्या म्हणाला, "आजी, बघ, दारांत कोणी नाहीं." आईनें चष्मा काढून पुसला, पुन्हां लावला, आणि कांहीं न बोलतां ती देवघराकडे निघून गेली.

तेव्हां आम्हीं तें काम त्याच्या हातून काढून घेतलें. आम्हांस संगणकाची विद्या बेताचीच. पण मधल्या काकांच्या अंधाऱ्या खोलींत, तांबड्या दिव्याखालीं, लहानपणीं आम्ही तासन् तास उभे राहिलेलों आहों. निगेटिव्हमध्यें जें काळें दिसतें तें उजेडाचें आणि जें निर्मळ दिसतें तें अंधाराचें, हें उलटें जग आम्हांस परिचयाचें होतें. यंत्राच्या प्रत्येक कळीचा अर्थ त्या जगांत काय होतो, एवढेंच शोधावयाचें होतें. त्यांत सबंध चातुर्मास गेला.

पहिला प्रश्न ठिपक्यांचा. दर इंचास किती ठिपके घ्यावयाचे? यंत्राच्या खोक्यावर ६,४०० हा आंकडा ठळक छापलेला. आणि मोठा आंकडा दिसला कीं तो घेतलाच पाहिजे, हा मनुष्यस्वभाव. आम्हीं लक्ष्मी रस्त्यावरील एका दुकानाच्या पाटीचें चित्र घेऊन तें १,२००, २,४००, ४,८०० व ६,४०० अशा चार मापांनीं उतरविलें. बाराशेंला पाटीवरील बारीक अक्षरें लागत नव्हतीं. चोवीसशेंला तीं लागलीं. पुढील दोन्ही मापांना अक्षरें तेवढींच लागलीं, फक्त मोठीं झालीं. दूध तेंच, पाण्याचा तांब्या वाढला. सपाट कांचेच्या स्कॅनरचें भिंग खोक्यावरील आंकड्याच्या निम्म्यापर्यंतहि क्वचितच पोंचतें, असा अनेक जाणत्यांचा अनुभव आहे. त्यास आमचा जोडावा. काकांच्या निगेटिव्ह मोठ्या, एकेक चौकट ५६ मिलिमीटर लांब व तेवढीच रुंद. चोवीसशेंनें तिच्या एका बाजूवर सुमारें ५,३०० ठिपके येतात, व चित्राचा भार साधारण ५६ मेगाबाइट होतो. चौसष्टशेंनें तोच भार चारशें मेगाबाइट होतो. साडेचारशें चित्रांना हा हिशेब लावून पाहावा.

पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना १९६४ ची; २०२२ पासून तें राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा भाग आहे. तेथील जतनाच्या कामांत 'फोर-के' म्हणून जें माप येतें तें म्हणजे रिळाच्या सुमारें २५ मिलिमीटर रुंदीवर ४,०९६ ठिपके. इंचाच्या हिशेबानें चार हजारांच्या थोडें वर. चित्रपटाचें रीळ इतक्या मापानें उतरवितात, पण त्या यंत्रांचें भिंग तेवढें पाहूं शकतें म्हणून. आमचें यंत्र पाहूं शकत नाहीं तें त्याला पाहावयास लावण्यांत अर्थ नव्हता. मोठ्या निगेटिव्हला चोवीसशें, व काकांनीं पुढें घेतलेल्या पस्तीस मिलिमीटरच्या पट्ट्यांना बत्तीसशें, असें आम्हीं ठरवून टाकलें.

दुसरी कळ छटांची. आठ बिटांत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ पायऱ्या असतात, सोळा बिटांत ६५,५३६. डोळ्यांस दोन्हीं चित्रें सारखींच दिसतात, म्हणून पुतण्या आठवर खूष होता. पण पुढें अंधाराचा भाग ताणून उजळ करावयाचा झाला, तर आठ बिटांच्या चित्रांत तेथें चार-पांच पायऱ्याच हातीं लागतात, व चेहऱ्याच्या जागीं जिन्यासारखे पट्टे पडतात. आम्हांस तर अंधारांतच शोधावयाचें होतें. सोळा घेतले, आणि चित्रें जेपेगमध्यें दाबून न ठेवतां टिफमध्यें ठेवलीं. चित्रास धार आणणारी कळ, दाणा पुसणारी कळ, ह्या सर्व बंद केल्या. धार केव्हांहि आणतां येते. पुसलेला दाणा परत येत नाहीं.

धूळ काढण्याच्या कळीनें मात्र आमची चांगलीच फजिती केली. ती इन्फ्रारेड किरणांवर चालते. रंगीत फिल्ममधील रंगांतून हे किरण निर्वेध जातात, धुळीवर अडतात. म्हणून यंत्रास धूळ कोणती तें कळतें. पुतण्याच्या सासऱ्यांच्या कांहीं रंगीत फिल्म आम्हीं ह्या कळीनें उतरविल्या, तेव्हां ओरखडे जादूसारखे नाहींसे झाले. (कोडॅक्रोम स्लाइडवर ही कळ बेभरंवशाची. ती फिल्म कंपनीनें २००९ सालीं बंद केली, व ती धुवून देणारें जगांतील शेवटचें दुकान अमेरिकेंतील कॅन्सस प्रांतांत होतें, त्यानेंहि ३० डिसेंबर २०१० नंतर धुण्यासाठीं अशी फिल्म घेणें थांबविलें.) पण कृष्णधवल फिल्ममधील चित्र रंगाचें नसून चांदीचें, आणि चांदी हे किरण अडविते. यंत्र चांदीलाच धूळ समजलें! आमच्या थोरल्या काकूंची नथ, आजोबांच्या मिशा व पगडीचा काठ त्यानें मोठ्या निष्ठेनें साफ करून टाकला. ती कळ बंद करून आम्हीं हवा फुंकण्याचा रबरी फुगा व उंटाच्या केंसांचा कुंचला घेतला, आणि उरलेली धूळ चित्रांत तशीच राहूं दिली. ती नेरूळची नसून शनिवार पेठेची असेल, अशी आम्ही मनाची समजूत घालतों.

फिल्म कोणत्या अंगानें ठेवावी हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण तसा नाहीं. तिचें एक अंग चकचकीत, एक मंद. चकचकीत अंग कांचेस लागलें तर त्यावर तेलाच्या तवंगासारखीं वलयें उमटतात, म्हणून पट्टी चौकटींत बसवून कांचेपासून जराशी वर उचललेली असावी. आणि अंग उलटें झालें तर सारें चित्र आरशांतल्याप्रमाणें डावें-उजवें होतें. पाटीवरचीं अक्षरें असलीं तर चूक लगेच कळते. घरच्या मंडळींच्या चित्रांत अक्षरें कोठून येणार? आमच्या वाचकांना त्यासाठीं एक खूण सांगतों. पुरुष उघडे असतील तर जानवें पाहावें. आमच्या पहिल्या खेपेस मुंजीच्या मंडपांतील यच्चयावत् ब्राह्मण अपसव्य करून बसलेले निघाले! आई त्या दिवशीं प्रथमच हंसली. म्हणाली, "मुंज आहे कीं पक्ष?" जानवें डाव्या खांद्यावर व लुगड्याचा पदरहि डाव्याच खांद्यावर आला म्हणजे अंग बरोबर.

आतां त्या दाराकडे वळतों. स्वयंचलित कळ चित्रांतील सर्वांत काळा भाग शोधून त्यास पूर्ण काळा करते, सर्वांत उजळ भागास पूर्ण पांढरा करते, आणि मधला पट ताणते. चित्र त्यानें खुलतें. पण सर्वांत काळ्या भागांतहि अंतर असतें. अर्धवट अंधारांतील वस्तूनें फिल्मवर चांदीचे थोडेसेच कण बसविलेले असतात. यंत्र त्यांस नगण्य मानतें व अंधारांत जमा करतें. शिवाय तें चौकट शोधतांना कडेचा अंश कापतें. छायाचित्रकारानेंहि १९५३ सालीं तेंच केलें होतें: काकांची निगेटिव्ह चौकोनी, छापावयाचा कागद लांबट, म्हणून एक बाजू कापावी लागली, आणि जी बाजू कापली तींत दाराचा अर्धा भाग गेला. डोंबिवलीच्या भिंतीवर आहे तें उरलेलें अर्धें दार. कोणाचा त्यांत कांहीं वाईट हेतु नव्हता. लग्नामुंजीच्या चित्रांत दारें कोण पाहतो?

आम्हीं कापणी बंद केली व चौकटीबाहेरील कोऱ्या पट्टीसकट सबंध फिल्म उतरविली. ही कोरी कड फार मोलाची. तिच्यावर प्रकाश कधीं पडलाच नाहीं. म्हणून चित्र सुलट केल्यावर तिचा जो काळेपणा येतो तोच खरा काळेपणा. त्याहून जें जें तिळमात्र उजळ, तेथें कांहीं ना कांहीं प्रकाश पोंचला होता. छटांचा आलेख उघडून काळ्याची सीमा आम्हीं हातानें मागें सरकवीत त्या कडेच्या काळ्यापर्यंत नेली, व दुसऱ्या टोंकास आजोबांचें पांढरें शुभ्र धोतर फुटणार नाहीं इतपत जागा सोडली. असें उतरविलेलें चित्र दिसावयास अगदीं वाईट असतें. राखेसारखें. पुतण्या म्हणाला, "काका, हें तर धुक्यांत काढल्यासारखें दिसतें." दिसूं दे, म्हटलें.

मग दाराचा भाग तेवढा वेगळा घेऊन हळूहळू उजळ करूं लागलों. रात्रीं साडेअकरा झाले होते. पाऊस लागला होता, व आई जागीच होती. प्रथम दाराची चौकट आली. मग कडी. मग उंबऱ्यावरील रांगोळीचे ठिपके. आणि त्या चौकटीला खांदा टेंकून उभी असलेली एक बुटकी आकृति; पदर भुंवयांपर्यंत ओढलेला, एका हातांत कांहींतरी लांबट, दुसरा हात चौकटीवर. आलवण तांबडें, आणि त्या काळच्या कित्येक फिल्मांना तांबडा रंग दिसतच नसे. ही फिल्म त्यांतलीच असावी, कारण वस्त्राचा बहुतेक भाग अंधाराशीं एकरूप झालेला आहे. पण पदराची कड चौकांतल्या उन्हाच्या परतलेल्या उजेडांत अगदीं बारीक उमटली आहे. ती कड एकदां डोळ्यांस सांपडली म्हणजे मग ती दिसेनाशी होत नाहीं.

आईला खुर्चींत बसवून आम्हीं पडदा तिच्या चांगल्या डोळ्याच्या बाजूस वळविला. तिनें फार वेळ पाहिलें. मग म्हणाली, "मी सांगत होतें." आणि थोड्या वेळानें, "हातांत फुंकणी आहे. चुलीवरून उठून आल्या होत्या."

चेहरा मात्र दिसत नाहीं. पदराखालीं एक पुसट ओघळ आहे, इतकेंच. कॅमेऱ्याचा पडदा उघडा असतांना त्या हालल्या असाव्यात. बत्तीसशें ठिपके घेतले, अठ्ठेचाळीसशें घेतले, एकाच जागेचीं आठ उतरणें घेऊन त्यांची सरासरी काढली. अंधारांतला किरकिरा दाणा थोडा निवळला, चेहरा आला नाहीं. जें फिल्मवर उमटलेलेंच नाहीं तें कोणत्या कळीनें येणार?

पुतण्याला आमचें हें हात टेंकणें पटेना. दुसऱ्या दिवशीं त्यानें तो तुकडा आपल्या फोनवरील कृत्रिम बुद्धीच्या एका प्रोग्रॅमला दिला, व पांच मिनिटांत एक चेहरा घेऊन आला. डोळे, नाक, ओठ, सर्व कांहीं स्पष्ट. मुलगा मायेनेंच करीत होता. आजीला दिसावें म्हणून त्यानें तो चेहरा पडदाभर मोठा करून तिच्यासमोर धरला. आईनें पाहिलें व विचारलें, "ही कोण?" त्या बाईचें वय तीसच्या आंतलें होतें, भुंवया रेखीव होत्या, आणि यंत्रानें तिच्या कपाळावर कुंकवाचा टिळाहि ठेवला होता. आम्ही सर्व गप्प राहिलों. पुतण्यानें तें चित्र आपल्याच हातानें पुसून टाकलें. आमचें राखाडी चित्र तसेंच ठेवलें आहे, व त्याच्याजवळ कोणत्या मापानें, किती बिटांत, काळ्याची सीमा कोठें ठेवून तें उतरविलें, याचें टांचण आहे. म्हणजे पुढें कोणास उत्तम यंत्र मिळालें तर त्यानें पुन्हां पाहावें, जर फिल्म तोंवर टिकली तर. पट्टीची एक कड आतांच वर वळूं लागली आहे.

सर्व चित्रांच्या तीन प्रति केल्या. एक घरांत, एक पुतण्याच्या कचेरीजवळील त्याच्या बिऱ्हाडांत, आणि एक बंगळूरास धाकट्या काकांकडे. एकाच फडताळांत सर्व कांहीं ठेवण्याची चूक आमच्या घरानें एकदां केली आहे.

धाकटे काका आतां ऐंशींचे झाले. त्यांस मुंजीचें चित्र फोनवर सकाळींच पाठविलें होतें, दाराचा उजळ केलेला भागहि त्याबरोबर. काय आहे तें आम्हीं लिहिलें नव्हतें. दुपार गेली, दिवेलागण झाली, तरी उत्तर नाहीं. आम्हांस वाटलें, त्यांना कांहींच दिसलें नसेल. आमच्या डोळ्यांना शोधून शोधून दिसूं लागलें तें इतरांस दिसावें असा आग्रह कशाला? रात्रीं नऊ वाजतां त्यांचा फोन आला. खोंकले, हवापाण्याचें विचारलें, आईच्या डोळ्यांचें विचारलें. मग म्हणाले, "अरे, तो फोटो उलटा तर छापला नाहींस ना?"

नाहीं, जानवीं सर्व डाव्या खांद्यावर आहेत, असें आम्हीं सांगितलें.

"मग बघ, फुंकणी डाव्या हातांत आहे. ती डावखुरी होती. पानांत वाढतांना तेवढा उजवा हात. चुलीजवळ कोणी बघत नसलें, कीं सगळें डाव्या हातानें."

आईला विचारलें, तर सहा वर्षें त्यांच्या हाताखालीं स्वयंपाकघरांत वावरूनहि तिला हें ठाऊक नव्हतें. आम्हीं पडदा पुन्हां लावला. उजवा हात चौकटीवर होता.